आधी लगीन, की आधी ग्रीन कार्ड?

खास प्रतिनिधी, पिंपरी

टेल्को, बजाज ऑटो आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या भोंग्यांवर ज्या घरांचे घड्याळ चालत असे, त्या घरांतील पुढची पिढी निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडून हिंजवडीत आणि तेथून न्यू जर्सी, टेक्सास वा कॅलिफोर्नियात पोहोचली, त्याला आता पाव शतक लोटले आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांतील अभियंत्यांनाही डेट्रॉइटच्या परिसराचे अप्रूप उरलेले नाही. साहजिकच चिंचवड, प्राधिकरण किंवा पिंपळे सौदागर येथील वधू-वर सूचक मंडळांच्या वहीत 'मुलगा अमेरिकेत' ही नोंद आता कोणाला नवलाची वाटत नाही. त्यातही 'ग्रीन कार्डधारक' असे शब्द असले, की त्या स्थळाचे वजन वाढते. एच-१बी व्हिसावरचा मुलगा म्हणजे भाड्याच्या घरातला आणि ग्रीन कार्डवाला म्हणजे स्वतःच्या घरातला, असा सरळ हिशेब मांडला जातो. मुलापुरता तो बरोबरही आहे. मात्र लग्न होऊन तिकडे जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा हिशेब बहुतेक वेळा उलटा ठरतो आणि ही गोष्ट अनेक घरांत अक्षता पडल्यानंतरच ध्यानात येते.

याचे कारण अमेरिकी कायद्याच्या रचनेत आहे. एच-१बीधारकाच्या पत्नीला एच-४ हा अवलंबिताचा व्हिसा मिळतो. त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची वेळ मिळण्यास जो काय विलंब लागेल तेवढाच. पती अमेरिकेचा नागरिक असेल, तर पत्नी 'निकटची नातेवाईक' ठरते. तिलाही संख्येची मर्यादा लागू नाही; प्रक्रिया लांबली तरी ती कार्यालयीन दिरंगाईमुळे लांबते, रांगेमुळे नव्हे. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला ग्रीन कार्डधारक मात्र विचित्र स्थितीत असतो. त्याच्या पत्नीसाठी कोणताही तात्पुरता अवलंबित व्हिसा नाही. त्याने आय-१३० हा अर्ज भरावयाचा आणि 'एफ-२ए' नावाच्या वर्गात पत्नीचा क्रमांक येण्याची वाट पाहावयाची. ग्रीन कार्डधारकांच्या पत्नी, पती आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला मूळ ८७ हजार ९३४ जागा आहेत. २००० च्या सुमारास ही रांग चार-पाच वर्षांची झाली होती. तिची झळ इतकी होती, की डिसेंबर २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने आधीच रांगेत असलेल्यांसाठी 'व्ही' नावाचा खास व्हिसा निर्माण केला. परंतु त्याचा लाभ २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज केलेल्यांपुरताच ठेवला. पुढे जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ही रांग अजिबात नव्हती. त्या काळात लग्न झालेल्यांचे अनुभव ऐकून आज कोणी हिशेब बांधत असेल, तर तो फसेल. एप्रिल २०२३ पासून रांग पुन्हा सुरू झाली आणि २०२५ च्या अखेरीस ती सुमारे दोन वर्षांची होती.

मधल्या काळात पर्यटक व्हिसावर जाऊन येऊ, हा उपाय घरोघरी सुचविला जातो. तो सुचविणे सोपे, मिळविणे कठीण. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तेथे स्थायिक होण्याच्याच इराद्याने निघाला आहे, असे अमेरिकी कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. पती तिकडे कायमचा रहिवासी आणि आपल्यासाठी स्थलांतराचा अर्ज दाखल झालेला, असे स्वतःच लिहून देणाऱ्या नववधूने ते कसे सिद्ध करावे? आणि ही माहिती अर्जात लपविली, तर खोटे विधान केल्याचा ठपका जन्मभर मागे लागतो.

खरी मेख लग्नाच्या तारखेत आहे. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळविणाऱ्याचे लग्न ते कार्ड मंजूर होण्याआधी झालेले असेल, तर पत्नीला त्याच्याच अर्जाच्या अनुषंगाने ग्रीन कार्ड मिळू शकते. ती भारतात असली, तरी मागाहून जाऊन मिळण्याचा हक्क तिला राहतो. वेगळ्या रांगेत उभे राहावे लागत नाही. हेच लग्न कार्ड मंजूर झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी झाले, तर ती थेट एफ-२एच्या रांगेच्या शेवटी. शिवाय पती आता एच-१बीवर नसल्याने एच-४चे दारही बंद. वर तोच, वधू तीच. फरक एका दिवसाचा आणि त्याची किंमत दोन वर्षांची. आई-वडिलांच्या मार्फत कार्डाची वाट पाहणाऱ्या मुलांचे प्रकरण आणखी नाजूक असते. ग्रीन कार्डधारक आई-वडिलांनी २१ वर्षांवरील अविवाहित मुलासाठी केलेला अर्ज त्या मुलाचे लग्न होताच बाद ठरतो, कारण ग्रीन कार्डधारकाला विवाहित अपत्यासाठी अर्ज करण्याची सोयच कायद्यात नाही. वर्षानुवर्षांची वाट एका मुहूर्तावर पुसली जाते. पत्रिका जुळविताना मंगळ आणि नाडी पाहणाऱ्यांनी 'अर्ज कोणत्या वर्गात आहे' हा एक प्रश्न विचारला, तर पुष्कळ मनस्ताप वाचेल.

यावर 'मग एच-१बीच बरा' असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल. एच-४ लवकर मिळतो, पण तो पूर्णपणे पतीच्या नोकरीला बांधलेला असतो. पतीची नोकरी गेली, की साधारणपणे ६० दिवसांची मुदत. घटस्फोट झाला, की एच-४चा आधारच संपतो. चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण किंवा उत्पादन नियोजन सांभाळणारी अभियंता मुलगी एच-४वर गेली, तर पतीच्या ग्रीन कार्डाचा एक महत्त्वाचा टप्पा मंजूर होईपर्यंत तिला तेथे पगारी काम करता येत नाही. त्या टप्प्यानंतर कामाचा परवाना देणारा नियम मे २०१५ पासून लागू झाला आणि त्यावर जवळपास दहा वर्षे न्यायालयीन वाद चालला. भारतात जन्मलेल्यांची नोकरीच्या वर्गातील रांग तर दशकांत मोजावी लागते, कारण कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या ७ टक्क्यांहून अधिक जागा साधारणपणे मिळत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तेव्हापासून 'मुलगा लवकरच जाणार आहे' या वाक्यालाही पूर्वीचे मोल राहिलेले नाही.

कोणता मार्ग निवडला, यावर पुढचे बरेच अवलंबून असले, तरी कागद सर्वांनाच जमवावे लागतात आणि तेथे पिंपरी-चिंचवडकरांची गाठ अमेरिकेआधी आपल्याच कार्यालयांशी पडते. वकिलातीला मंगल कार्यालयाची पावती वा पुरोहिताचे पत्र चालत नाही. विवाह निबंधकाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यान्वये विवाहाची नोंदणी ९० दिवसांत करणे अपेक्षित आहे. महापालिका हद्दीत ती क्षेत्रीय कार्यालयात होते. त्यासाठी वर, वधू, तीन साक्षीदार आणि पुरोहिताची स्वाक्षरी लागते. वर तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला, त्यातील एक आठवडा केळवणांत आणि एक देवदर्शनात गेलेला. नोंदणी 'पुढच्या खेपेला करू' म्हणून राहून जाते आणि अर्जाची पहिली पायरीच वर्षभर पुढे ढकलली जाते. विशेष विवाह कायद्याने नोंदणी पद्धतीचे लग्न करावयाचे, तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचे त्याआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य असावे लागते. त्यामुळे मुलगी येथे असतानाच नोटिशीची तयारी सुरू करणे हाच व्यवहार्य मार्ग. काही कुटुंबे आधी नोंदणी विवाह करून सहा महिन्यांनी वाजतगाजत लग्न लावतात. त्यात गैर काही नाही, पण मग अर्जात लग्नाची तारीख कोणती लिहावी याचा गोंधळ उडतो. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी तारीख गेली, तर मुलाखतीत त्याचे उत्तर द्यावे लागते.

चाकणपासून हाकेच्या अंतरावर असलेली आळंदी प्रेमविवाहांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील खासगी विवाह केंद्रांतून मिळणारे रंगीत प्रमाणपत्र म्हणजेच सरकारी दाखला, असा समज करून घेतलेली जोडपी कमी नाहीत. तो कागद नोंदणीसाठीचा पुरावा फार तर होईल; नोंदणीची जागा घेऊ शकणार नाही.

नावांचा प्रश्न खास मराठी म्हणावा असा. लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिले नावही बदलण्याची प्रथा अनेक घरांत अजून आहे. परिणामी जन्मदाखल्यावर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावासह दुसरे, पारपत्रावर तिसरे आणि विवाह दाखल्यावर चौथे अशी स्थिती होते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून हे सांधता येते. पण नाव बदलण्याची कायदेशीर सक्ती मुळात कोणावरही नाही आणि अर्ज पूर्ण होईपर्यंत माहेरचेच नाव ठेवणे सोयीचे ठरते. जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नाव न लिहिता केवळ 'मुलगी' एवढीच नोंद असते, तेथे संबंधित ग्रामपंचायत वा महापालिकेकडून नाव दाखल करून घ्यावे लागते. पारपत्र कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलीस मंजुरी दाखल्यासाठी चाकण, आळंदी आणि तळेगावच्या रहिवाशांची पडताळणी १५ ऑगस्ट २०१८ रोजी अस्तित्वात आलेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे येते. ग्रामीण पोलिसांचे जुने पत्ते मनात धरून हेलपाटे घालू नयेत.

कागद पुरे झाले, की प्रश्न उरतो तो लग्न खरे आहे का, हा. ग्रीन कार्डासाठी खोटे लग्न लावण्यास अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे अधिकारी खोदून विचारतात. 'तुमची भेट कोठे झाली?' या प्रश्नावर 'मावशीने स्थळ आणले' हे उत्तर द्यायला मुली संकोचतात. संकोचण्याचे कारण नाही. ठरवून केलेले लग्न तेथील कायद्याला अमान्य नाही. किंबहुना नागरिकाच्या वाग्दत्त वधूसाठी असलेल्या व्हिसात दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असण्याची जी अट आहे, तिच्यातूनही जुन्या व कडक रूढींमुळे भेट निषिद्ध असेल तर सूट मागता येते. साखरपुड्याची छायाचित्रे, निमंत्रण पत्रिका, दोन्ही घरच्या मंडळींसह काढलेले फोटो, संभाषणाच्या नोंदी, वराच्या प्रवासाची तिकिटे हे सारे पुराव्यात मोडते. पाचशे पाहुण्यांचे लग्न लावून पुराव्यादाखल केवळ वधू-वरांचे दोनच फोटो जोडणारे आढळतात. अधिकाऱ्याचा नकार आला, तर न्यायालयात दाद मागण्यास फारसा वाव नाही. जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकालाही नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला आहे.

अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतरही प्रकरण संपत नाही. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर १९८६ च्या कायद्यानुसार पत्नीला दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा असतो. याच काळात काही पती 'सही करणार नाही' या धमकीला शस्त्र बनवितात. प्रत्यक्षात घटस्फोट झाला असेल वा छळ होत असेल, तर पत्नीला एकटीने अर्ज करता येतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पतीच्या छळाला बळी पडलेल्या पत्नीला स्वतःच ग्रीन कार्ड मागण्याची मुभा १९९४ च्या कायद्याने दिली आहे. पतीने भरलेले आय-८६४ हे पालनपोषणाचे हमीपत्र तर घटस्फोटानेही रद्द होत नाही. ती नागरिक होईपर्यंत, तिच्या नावावर कामाच्या साधारण दहा वर्षांचा हिशेब जमेपर्यंत अथवा तिने देश कायमचा सोडेपर्यंत ते बांधील राहते. ही तरतूद मुलीच्या माहेरी क्वचितच कोणाला ठाऊक असते.

आणि रांग सरण्याआधीच नवरा फिरला तर? १९९४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात लग्नानंतर पती अमेरिकेस परतला, पत्नीने त्याच्या सांगण्यावरून नोकरी सोडली आणि पाठोपाठ विवाह रद्द करण्याचा त्याचा अमेरिकेतील अर्ज तिच्या हाती पडला. अशा विवाहांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार व्हावा, असे न्यायालयाने तेव्हाच सुचविले होते. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक राज्यसभेत आले ते २०१९ मध्ये. ३० दिवसांत नोंदणी न करणाऱ्याचे पारपत्र जप्त करण्याची तरतूद त्यात होती. ते संमत झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायदा, सक्तीची नोंदणी आणि पती-पत्नीच्या पारपत्रांची परस्परांशी जोडणी अशी शिफारस केली. तोवर फसवणूक झालेल्या मुलीला राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष आणि स्थानिक पोलीस ठाणे हेच आधार. आणि दोन्ही ठिकाणी पहिली मागणी होते ती विवाह नोंदणीच्या दाखल्याचीच.