मापवही कुणाच्या कपाटात?

आपले फरशीवाले, प्लास्टरवाले, रंगारी, प्लंबर, फॅब्रिकेटर, सगळ्यांचे बिल मापांवरून निघते. सरकारी कामावर ही मापे मेजरमेंट बुकात चढतात, खाजगी साइटवर सुपरवायझरच्या डायरीत. नाव काहीही असो, वही आपल्या हातात नसते. ज्याने पैसे द्यायचे, तोच मापे लिहितो आणि वही आपल्याच कपाटात ठेवतो.

आमच्या ओळखीच्या एका कारागिराने बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे काम घेतले होते. कोबा घातला, भिंतीवर फूटभर थर चढवला, पाणी भरून चाचणी दिली. त्यावर फरशी आणि टाइल्स बसल्या. बिल आले तेव्हा भिंतीवरचा थर गायब! सुपरवायझर नोकरी सोडून गेला होता. नव्या माणसाचे एकच म्हणणे, डायरीत नाही. आता नव्या टाइल्स फोडून कोण दाखवणार?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कराराचे कलम 6 नेमके याच बाबतीत आहे. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी ठेकेदाराने किमान 7 दिवसांची नोटीस द्यायची, म्हणजे मापे घेता येतील. मापे दोघांनी मिळून घ्यायची आणि सह्या करायच्या. एखादे माप मान्य नसेल तर हरकत कारणासह तिथेच नोंदवायची. मात्र ठेकेदार मापाला हजरच राहिला नाही, तर इंजिनिअरने लिहिलेले माप त्याला मान्य आहे असे धरले जाते. म्हणजे नियम संरक्षण देतो, पण गैरहजर माणसाला नाही. आपण मात्र त्या दिवशी दुसऱ्या साइटवर असतो.

हे कलम वरच्या ठेकेदाराच्या करारात असते. खालच्या कारागिराला मिळते ती एक पानी वर्क ऑर्डर, तीत फक्त दर. त्यात दोन ओळी जास्त मागाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे: झाकले जाणारे काम आधी दोघांनी मिळून मोजावे, आणि सही केलेल्या मापांची प्रत त्याच दिवशी मिळावी. जादा काम तोंडी सांगितले तर तेही त्याच वहीत चढावे.

‘असे मागितले तर काम दुसऱ्याला जाईल,’ असे अनेक भाई म्हणतात. भीती खोटी नाही. मग निदान त्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि लगेच सुपरवायझरला पाठवून ‘आजची मापे’ एवढे लिहा. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा ठरलेल्या प्रमाणपत्रासह कोर्टात चालतो. फोन बदलताना मेसेज पुसू नका. आपली स्वतःची वहीही ठेवा, पण केवळ तिच्या जोरावर समोरच्यावर देणे बसत नाही, हे कायदाच सांगतो. समोरच्याची सही किंवा कबुली सोबत हवीच.

आपल्यात एक गैरसमज फार पसरला आहे, की ओळखीच्या माणसाकडे लिहून मागणे म्हणजे अविश्वास. सूरह बकराची 282 वी आयत कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असे ती फर्मावते. तीत मजकूर सांगायचा तो देणेकऱ्याने, पण लिहायचे दुसऱ्या न्यायी माणसाने, आणि साक्षीदार दोन. साइटवर सांगणारा, लिहिणारा आणि साक्षीदार तिन्ही एकच असतो!

हे फक्त बिल्डरला सुनावून भागणार नाही. आपलेच ठेकेदार गावाकडून पोरांची टोळी आणतात, तेव्हा हजेरीची वही मुकादमाच्या खिशात असते. पोरगा ईदला घरी निघाला की 26 दिवसांचे 22 होतात. त्या पोराच्या हाती हजेरीची प्रत आपल्यापैकी किती जण देतात?