डिकॅफ कॉफीला हसणाऱ्यांना

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या एका डबीला नाव पडलंय, ‘उल्हासनगरचा माल’. छोटी स्टीलची डबी. तिच्यात डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी पावडर असते. मधल्या सुट्टीत सगळ्यांसाठी चहा येतो, मी कपभर गरम दूध मागवते, त्यात चमचाभर पावडर टाकते, की झालं सुरू. ‘टीचर, कॅफीनच नाही तर पिता कशाला? नुसतं दूध प्या ना!’ आमचं शहर ‘मेड इन यूएसए’च्या विनोदासाठी प्रसिद्ध आहे (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, बाहेरच्यांच्या माहितीसाठी). त्यामुळे डुप्लिकेट कॉफीचा विनोद ओघानंच येतो.

दोन वर्षं मीही हसून घेतलं. आता उत्तर देते.

आधी या डुप्लिकेटचंच बघू. डुप्लिकेट माल आपल्यात काय नाही ते लपवतो. डिकॅफच्या बाटलीवर काय काढलंय ते मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. उलट तुमच्या घरातल्या ‘खऱ्या’ कॉफीचं पाकीट जरा उलटं करून वाचा. त्यातल्या पुष्कळांवर बारीक अक्षरात चिकोरी लिहिलेली सापडेल. आपल्याकडे कायद्यानं अशा मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी म्हणजे एक मूळ, भाजून दळलेलं. तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. म्हणजे मला हसणारे माझे सहकारी वर्षानुवर्षं जवळजवळ अर्धी डिकॅफच पीत आलेत, आणि त्यांना ते कोणी सांगितलेलंही नाही.

मी यात पडले ती हौसेनं नाही. चाळिशी ओलांडली आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येईना, छाती धडधडायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि चहा-कॉफी बंद करायला सांगितलं. सगळ्यांना हे लागू आहे असं मी म्हणत नाही, मला लागू होतं. कॅफीन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात, कोणाला त्याहून जास्त. शाळा सुटताना घेतलेला चहा इशाच्या नमाजलाही अंगात असतो. दिवसाला सहा कप पिणारी मी, एका झटक्यात सगळं बंद केलं.

झोप आली. पण घरं तुटली.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्याकडे कोणाच्या घरी जाऊन चहा नाकारून बघा. मी अंबरनाथला राहते, नणंद बदलापूरला, मध्ये एकही स्टेशन नाही. पूर्वी महिन्यातून दोन रविवार तिच्याकडे असायचे. बंदीनंतर पहिल्यांदा गेले आणि कप बाजूला सारला, तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या घरचं आता चालत नाही का दुल्हनला?’ डॉक्टरांचं सांगितलं तर, ‘अर्ध्या कपानं काय होतंय?’ सरबत करायला ती बिचारी पुन्हा उठली, आणि ते येईपर्यंत सगळ्यांचे कप रिकामे, गप्पा संपलेल्या. मयतीच्या घरी, मंगनीत, पालकांच्या भेटीला गेलं तरी हेच. हळूहळू मी जाणंच कमी केलं. तब्येत सुधारली म्हणून सगळे शुक्र मानत होते, आणि मी रविवारी एकटी घरात बसून पेपर तपासत होते.

एका विद्यार्थिनीच्या आईनं डिकॅफचं नाव सांगितलं. मी ऑनलाइन मागवली. पुढच्या रविवारी बदलापूरला नणंदेच्या स्वयंपाकघरात जाऊन माझा कप मीच केला, आणि सगळ्यांबरोबर बसून प्यायले. कोणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

इथे विद्वान लोक इतिहास काढतात. आमचे एक सर आहेत, वाचन दांडगं. ते म्हणाले, कॉफी सुरू केली येमेनच्या सूफींनी, पंधराव्या शतकात, रात्रभर जिक्रसाठी जागायला. बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात सात बिया आणल्या असं सांगतात, त्या काय झोप यायला आणल्या? जागवण्याचा गुण काढून घेतला की कॉफीत राहिलं काय?

सर, तोच इतिहास जरा पुढे वाचू. १५११ साली मक्केत मम्लुकांचा अधिकारी होता खैर बेग. रात्री मशिदीजवळ माणसं घोळक्यानं बसून कॉफी पिताना त्यानं पाहिली आणि बिथरला. उलेमांना बोलावलं, हकीमांच्या साक्षी घेतल्या, कॉफीवर बंदी घातली. पण कैरोहून सुलतानाचा जो हुकूम आला, त्यात त्या पेयावर सरसकट बंदी नव्हती. रोख होता तो तिच्या निमित्तानं जमणाऱ्या बैठकांवर. सत्तेला भीती होती एकत्र बसणाऱ्या माणसांची, आणि ती माणसं माझ्या डिकॅफभोवतीही तशीच बसतात.

दुसरा हल्ला व्हॉट्सॲपवरून होतो. ‘डिकॅफ दारूत धुतात, हराम आहे.’ मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण काय होतं एवढं तरी माहीत हवं. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कॉफी पहिल्यांदा बाजारात आणली. त्याचे वडील कॉफीच्याच धंद्यात होते, ते गेले आणि मुलानं दोष कॉफीला दिला असं सांगतात. तो बेंझिन वापरायचा, ते विषारी, म्हणून ते केव्हाच बंद झालं. आज कच्च्या हिरव्या बियांमधून कॅफीन काढतात ते मिथिलीन क्लोराइडनं, इथाइल ॲसिटेटनं, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं, किंवा नुसतं पाणी आणि कोळशाची गाळणी वापरून. इथाइल ॲसिटेट उसाच्या अल्कोहोलपासून बनवता येतं, अफवेचं मूळ बहुधा तिथे आहे. पण ते स्वतः अल्कोहोल नाही, आणि नंतर बिया वाफवून, भाजून ते उडवून टाकतात. तरी मन मानत नसेल तर पाण्यानं काढलेली घ्या, बाटलीवर लिहिलेलं असतं. आणि ज्या मंडळींना हराम-हलालची एवढी काळजी, तेच खजुराच्या बियांची भुकटी ‘सुन्नत कॉफी’ म्हणून चढ्या भावानं विकणाऱ्यांचे मेसेज पुढे ढकलतात. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या काळात अरबस्तानात कॉफीच नव्हती. खजुराची बी खुशाल प्या, पण सुन्नतच्या नावावर दुकान मांडू नका.

रमजानबद्दल एक. पहिल्या तीन-चार दिवसांत दुपारपासून डोकं ठणकतं, आपण रोज्याला बोल लावतो. पुष्कळांचं ते दुखणं चहाचं असतं. कॅफीनची सवय असलेल्याला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते. शाबानमध्येच कॉफी पिणाऱ्यांनी निम्मी साधी, निम्मी डिकॅफ करत उतरत जावं. चहावाल्यांनी एकेक कप कमी करावा. माझे मागचे दोन रमजान डोक्याला बाम न चोळता गेले.

आता तिची बाजू घेतेय म्हणून खोटं सांगणार नाही. चव जरा पातळ लागते. साधीच्या दुपटीहून महाग पडते, आणि शिक्षकाच्या पगारात ते जाणवतं. कॅफीन शून्य नसतं. साधारण ९७ टक्के काढलेलं असतं, कपात दोन-चार मिलिग्रॅम उरतंच, कधी थोडं जास्त. साध्या इन्स्टंट कॉफीत साठेक असतं. ज्याला काही त्रास नाही त्यानं हिच्यावर पैसे घालवू नयेत, खुशाल कटिंग मारावी.

पण ज्याला त्रास आहे त्याला हसायचं काय कारण? माझ्या लहानपणी अब्बांना साखरेचा आजार झाला, तेव्हा बिनसाखरेच्या चहावर असंच हसायचे. ‘हा काय चहा, रंगीत पाणी!’ आज प्रत्येक घरात पाहुण्याला आधी विचारतात, साखर चालते ना? मेहमाननवाजीत तेवढा एक प्रश्न वाढला, कोणाचं काही बिघडलं नाही. दुसरा प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? घरातल्या गरोदर सुनेला दिवसात किती वेळा चहा जातो, कोणी मोजतं का? तिनं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं असं अनेक देशांतले डॉक्टर सांगतात, कारण पोटात मूल असताना ते शरीरातून फार सावकाश उतरतं. ती नाही म्हणणार नाही. ‘आमच्या घरचं चालत नाही का’ हे तिलाही ऐकायचं नसतं.

गेल्या महिन्यात नणंदेच्या सासूबाईंनाच डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला. रविवारी मी डबी काढली तर त्यांनी कप पुढे केला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, ‘साखर घाल अजून.’ पूर्ण कप प्यायल्या. आता दोन बाटल्या मागवाव्या लागतात.