आधी पूर्वपक्ष: एक जाहीरनामा

आम्ही मतभेद मिटवायला निघालेलो नाही. आरक्षण, धरणं, शाळेतली भाषा, देवळातला प्रवेश यांवर महाराष्ट्राने भांडायलाच हवं. पण फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आज मुद्द्यावर भांडण होतच नाही. आधी आडनाव पाहिलं जातं, आडनावावरून जात ठरते, जातीवरून मत ठरतं आणि न वाचलेल्या मजकुराला उत्तर जातं. लिहिणारी बाई असेल तर आधी तिच्या चारित्र्यावर बोललं जातं. शाळासोबत्यांचे ग्रुप निवडणुकीत फुटतात, ते निकालानंतरही जुळत नाहीत.

म्हणून आमची मुख्य अट एकच. समोरच्याचं म्हणणं खोडण्याआधी ते आपल्या शब्दांत मांडायचं आणि ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं त्याने सांगितल्यावरच उत्तर द्यायचं. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, मग त्याचं खंडन. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनालाही किंमत उरत नाही. स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत राहण्याला न्यायसूत्रांनी वितंडा म्हटलं आणि वादापासून वेगळं काढलं.

टिळक आणि आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. पुढे आगरकरांनी केसरी सोडला, 1888 मध्ये सुधारक काढला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोघे समोरासमोर उभे ठाकले. मुलींच्या बाजूने कायदा हवाच, हे आगरकरांचं म्हणणं. परक्या सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालू नये, हे टिळकांचं. आमच्या मते त्या वादात आगरकर बरोबर होते. तरीही टिळकांचा आक्षेप नीट समजून घेतल्याशिवाय तसं म्हणण्याचा हक्क आम्हाला मिळत नाही. तो काळ सोवळा नव्हता. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारं पुणंही तेच. पण साप्ताहिकात उत्तर छापून यायला सहसा काही दिवस जायचे आणि तेवढ्यात राग थोडा निवायचा. आपल्याला ती सवड कोणी देणार नाही, ती आपणच घ्यायची आहे. संतापात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबल्याशिवाय पाठवू नका.

‘भक्त’, ‘चमचा’, ‘फुरोगामी’ हे शब्द आम्ही वापरणार नाही. एका ग्रुपवरच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर हशा पिकवण्यासाठी नेणार नाही. वयाने मोठ्या काका-मामांनी खोटी बातमी पुढे ढकलली, तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा न करता त्यांना फोन करू. दुरुस्ती मात्र ग्रुपवरच टाकू, कारण खोटं तिथेच पसरलेलं असतं. आपल्या बाजूचा माणूस शिवीगाळ करू लागला तर त्याला सगळ्यांत आधी आम्हीच अडवू. हे सगळ्यांत जड जाणार आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

धमकी देणाऱ्याशी वाद घालण्याचं बंधन कोणावरही नाही. त्याला ब्लॉक करा, पोलिसांत तक्रार द्या. जातीवरून अपमान झालेल्या माणसाला ‘जरा सौम्य बोला’ असंही आम्ही सांगणार नाही. संयमाची मागणी आधी बळकटांकडे.

सामील व्हायला वर्गणी नाही, फॉर्म नाही. ज्याचं मत तुम्हाला सर्वांत जास्त खटकतं, त्याच्या एका पोस्टखाली त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहा आणि विचारा, ‘मला बरोबर कळलंय का?’