थोडं बजेट वाढवा ना!

कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला कुठला? "थोडं बजेट वाढवा ना!" दुकानदार हेच म्हणतो, पुण्यातला चुलतभाऊ हेच म्हणतो, यूट्यूबवरचे विद्वानही हेच म्हणतात. मंडळी, आज मला या सल्ल्याशी भांडायचंय.

तुम्ही आठ हजार म्हणा, समोरचा बारा सांगतो. बारा म्हणा, तो अठरावर जातो. अठराची तयारी दाखवलीत की कळतं, 'खरा' कॅमेरा म्हणे चाळीसच्या पुढेच सुरू होतो. म्हणजे बजेट नावाची वस्तू रबराची असते, असं या लोकांनी गृहीतच धरलेलं असतं. आमच्या बीडकडे आठ हजार म्हणजे आठ हजारच असतात हो! सोयाबीनला भाव काय लागला, कापसाचे पैसे कधी येणार, पोरांची फी, बियाणं, दवाखाना, अशी सगळी रांग त्यांच्यापुढे उभी असते. त्या रांगेतून सुटून कॅमेऱ्यापर्यंत पोचलेल्या आठ हजारांना कुणी 'थोडेच' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

निमित्त आमच्या भाचीचं. अंबाजोगाईला शिकते. शिकवण्या घेऊन तिने आठ हजार साठवले आणि विचारलं, "मामा, एवढ्यात छोटा कॅमेरा कुठला येईल?" साधा, सरळ प्रश्न. घरच्या ग्रुपवर त्यावर दोन दिवस चर्चा झाली. एक पक्ष म्हणाला, मोबाईल आहे की. दुसरा म्हणाला, थोडे थांब, डीएसएलआरच घे. आठ हजारांत काय येईल, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. म्हणून हे जाहीर उत्तर.

आधी मोबाईलवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करून टाकू. हातात बरा स्मार्टफोन असेल आणि नुसते 'चांगले फोटो' हवे असतील, तर छोटा कॅमेरा घेऊ नका. जुन्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. पूर्वीच्या ३५ मिलिमीटर फिल्मची फ्रेम ३६ गुणिले २४ होती, म्हणजे हा तिचा तिसावा हिस्सा. आजच्या बऱ्याच फोनचा मुख्य सेन्सर तेवढाच किंवा त्याहून मोठा असतो आणि फोन चार-सहा फ्रेम एकत्र करून अंधारातही फोटो सावरून घेतो.

पण कॅमेऱ्याकडे असं काही असतं जे स्वस्त फोनकडे नसतं. काचा पुढे-मागे सरकवणारा ऑप्टिकल झूम. क्षणभर लखकन पेटणारा झेनॉन फ्लॅश, ज्याच्यापुढे फोनचा दिवा म्हणजे टॉर्चच. आणि तिसरी गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते: कॅमेऱ्यावर फोन येत नाही! ज्या घरात बरा फोन एकच असतो आणि तो सकाळी बापाच्या खिशातून बाहेर जातो, त्या घरातल्या पोरीला "मोबाईल आहे की" म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

आता आकड्यांकडे वळू. दुकानदाराचा लाडका आकडा मेगापिक्सेल. जरा हिशेब करा. चार बाय सहा इंचाची प्रिंट, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे १२०० गुणिले १८००. एकूण एकवीस लाख साठ हजार ठिपके. दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर, बस्स! ए-फोर कागदभर प्रिंट काढायची तरी नऊच्या आतच भागतं. त्यामुळे जुन्या बाजारात सहा, आठ, दहा मेगापिक्सेलचा कॅमेरा दिसला की नाक मुरडायचं कारण नाही. त्याच नखाएवढ्या सेन्सरवर वीस मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. आठशे फुटांच्या घरात वीस माणसं राहिली म्हणून घर मोठं होत नाही.

दुसरा आकडा झूम. खोक्यावर 'ऑप्टिकल' लिहिलेला आकडाच खरा. 'डिजिटल झूम' म्हणजे फोटो कापून मोठा करून दाखवणं. बारा मेगापिक्सेलच्या फोटोला दुप्पट डिजिटल झूम लावला की खरे तीनच उरतात. साधा तीनपट ऑप्टिकल झूम ३५ मिलिमीटरच्या हिशेबाने साधारण १०५ पर्यंत जातो. माणसांना, देवळाच्या कोरीवकामाला तेवढा पुरतो. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या अभयारण्यात मोर टिपायचे असतील, तर मात्र तो मोर फोटोत कोंबडीएवढाच येईल. म्हणजे आधी ठरवा, मोर की माणसं? भाचीला हवीत माणसं आणि हत्तीखान्याची लेणी. प्रश्न मिटला.

लेण्यात अंधार असतो, हे खरं. पण त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. कॅमेरा एखाद्या दगडावर टेकवायचा, फ्लॅश बंद करायचा, दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. दगडी हत्ती काही हलत नाहीत! हे तंत्र फुकट आहे, म्हणूनच बहुधा ते कुणी विकत नाही.

तिसरी गोष्ट बॅटरी, आणि इथे मी हट्टी आहे. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा मिळाला तर तोच घ्या. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले ए-५४० (२००६) किंवा ए-५७० आयएस (२००७) दोन पेन्सिल सेलवर चालतात. दोन्हींना डोळा लावून बघायची खिडकीही आहे. भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही तेव्हा तिची किंमत कळते. भारनियमनाच्या काळात ज्यांनी बारा-बारा तास वीज नसलेली बघितलीय, त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या सेलचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रोजच्या वापराला चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, ते जास्त टिकतात. पातळ, देखण्या कॅमेऱ्यांच्या खास लिथियम बॅटऱ्या पंधरा वर्षांत फुगलेल्या किंवा मेलेल्या असतात आणि नवी मिळाली तर मिळाली.

चौथं कार्ड. जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. ही कार्डं आता शोधत बसावी लागतात. एसडी कार्डाचाच कॅमेरा बघा. त्यातही एसडीएचसी हा प्रकार २००६ साली आला. त्याआधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड वाचता येत नाही.

आता सध्याची फॅशन. शहरातल्या पोरांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय आणि 'सीसीडी सेन्सरचा रंग' या मंत्रावर भाव चढलेत. तो रंग मुख्यतः कंपनीने आत बसवलेल्या प्रक्रियेचा आणि समोरून मारलेल्या फ्लॅशचा असतो. मंत्राचे पैसे देऊ नका. कंपन्यांनीही वारं ओळखलंय. कॅननने २०१६ चा एल्फ ३६० एचएस हा मॉडेल २०२५ मध्ये जवळजवळ तसाच पुन्हा बाजारात आणला, तोही आधीपेक्षा चढ्या किमतीला. नऊ वर्षांनी तोच माल आणि जास्त दाम, आता बोला!

जुना घेताना दुकानातच या गोष्टी बघा. लेन्स न अडखळता बाहेर येते आणि आत जाते का? सेलचं झाकण नीट बसतं का? आतले स्प्रिंग हिरवे पडलेत का? लेन्सवर तिरका उजेड टाकून बुरशीची जाळी दिसते का? पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग शोधा. चित्र जांभळं किंवा काळं येत असेल तर सरळ परत द्या. सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये उष्णता आणि दमटपणामुळे येणारा हाच दोष २००५ साली उघड झाला होता. तेच सेन्सर इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते. आपल्याकडचा मे महिना आठवा म्हणजे हे का सांगतोय ते कळेल.

आणि आठातले आठ कॅमेऱ्यावर घालू नका. पाच-साडेपाचवर थांबा. उरलेल्यात कार्ड, चार सेल, चार्जर आणि प्रिंटा. हो, प्रिंटा! त्या नसतील तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

कारण खरा मुद्दा इथेच आहे. आमच्या भागात माणूस गेला की चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लागतो आणि त्यावर कितीदा तरी आधार कार्डावरचा फोटो ताणून लावलेला असतो. डोळे वटारलेला, कुणी तरी "हलू नका" म्हणून दरडावलेला चेहरा. ऐंशी वर्षांची म्हातारी, जन्मभर कोयता चालवलेली, दसरा-दिवाळी झाली की कारखान्याच्या वाटेला लागलेली, आणि तिचा हसरा फोटो एकही नाही. उचल घेऊन बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्या घरात फोटो म्हणजे चैन असते. भाचीला टिपायचेत ते हे चेहरे. त्यांना पूर्ण फ्रेमचा सेन्सर नको आहे. त्यांना या दसऱ्याच्या आत चालू असलेला कुठलाही कॅमेरा हवाय. "थोडं थांब, बजेट वाढव" म्हणणाऱ्याला हे कळतच नाही, की तो जी दोन वर्षं थांबायला सांगतो तेवढ्यात माणसं निघून जातात.

शेवटी सोयऱ्याधायऱ्यांना एक विनंती, जरा स्पष्टच. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. मग ते कोट्यवधी कॅमेरे गेले कुठे? तुमच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, काळ्या पाऊचमध्ये! मामा, काका, दादा, वहिनी, सल्ला पुरे झाला. तो पाऊच उघडा, सेल घालून बघा आणि चालत असेल तर पोरीला देऊन टाका. तिचे आठ हजार मग सगळेच्या सगळे प्रिंटांना जातील.