गोदेच्या वाटेवरचे दगडी रान

लाकडाचे शेवटी काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. जू मोडले की चुलीत जाते. वासा वाळवी खाते. बांधावरची बाभळ पडली आणि कुणी उचलली नाही, तर चार पावसाळ्यांत तिची माती होते. लाकडाचा दगड होतो असे म्हटले तर घरातले लहान पोरसुद्धा हसेल. पण नांदेडच्या घाटावर आपण ज्या गोदेत हातपाय धुतो, तिच्याच वाटेवर खाली, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला सिरोंचा तालुक्यात, असे दगड झालेले रान पडून आहे. वडधम हे त्या जागेचे नाव. वनखात्याने तिथे जीवाश्म उद्यान केले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या मंडळींनी कालेश्वरची यात्रा काढली, तेव्हा परतीच्या वाटेत वडधम धरायचेच असा हट्ट मी धरला. बोधन, निजामाबाद, मंचेरियाल, चेन्नूर करत प्राणहितेचा पूल ओलांडला की सिरोंचा. मध्ये सगळा तेलंगण लागतो आणि पूल ओलांडल्यावर पुन्हा महाराष्ट्र. बाजारात मात्र कानावर तेलुगूच जास्त पडते. लातूरकरांनी ही जागा आपली नाही असे समजू नये. मांजरा धर्माबादच्या खाली कंदकुर्तीला गोदेला मिळते, तेव्हा लातूरच्या शिवारातले पाणीही सिरोंच्यावरूनच समुद्राला जाते.

पाहिले तेव्हा प्रथम निराशाच झाली, हे कबूल करतो. रान म्हटल्यावर उभी झाडे डोळ्यांपुढे येतात. इथे ओंडके पडलेले; कुठे अख्खे, कुठे तुकडे, जसे लाकूडतोड्यांनी पाडून ठेवावेत आणि ट्रक यायचा राहावा. आमचे मामा जन्मभर सुतारकी केलेले. ते एका ओंडक्याजवळ उकिडवे बसले, नखाने रेघ ओढली, मग काठीने ठोकले. आवाज दगडाचा आला.

"व्हय रे, हे तर शिरा धरून हाय," मामा म्हणाले. "ही गाठ बघ. इथं फांदी होती. पण पटाशी घातली तर पटाशी मोडंल."

त्या माणसाने लाकडाची ओळख एका क्षणात पटवली. पुस्तक वाचून मला जे कळले नव्हते ते तिथे कळले.

आता हे होते कसे? घरातल्या आयाबायांना मोरावळा ठाऊक आहे. आवळा पाकात मुरत ठेवला की पाक आत शिरतो, आवळ्याचा आकार मात्र तोच राहतो. झाड पुराने पडले आणि लगेच वाळूगाळाखाली गाडले गेले, तर त्याला हवा मिळत नाही, म्हणून ते चटकन कुजत नाही. जमिनीतल्या पाण्यात गारेचा अंश, म्हणजे सिलिका, विरघळलेला असतो. ते पाणी लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांतून झिरपते आणि कणाकणाने गार तिथे बसवत जाते. मोरावळ्यात निदान आवळा राहतो. इथे पुढे लाकूडही जाते आणि त्याच्या जागी दगड येतो. तरी रेषा, गाठ, वाढीची वर्तुळे तशीच! पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर ते झाड कोणत्या कुळातले, हेही जाणकार सांगतात.

वडधमचे रान डायनासोरच्या काळातले आहे. पंधरा-अठरा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या रानात एकही फूल नव्हते. आंबा नाही, बाभूळ नाही, ज्वारीच्या कुळातले गवत नाही. देवदाराच्या जातीची, सुईसारख्या पानांची झाडे होती. सिरोंच्याजवळच्या कोटा या गावाचे नाव तिथल्या खडकांना पडले आहे आणि सगळ्या जगातल्या भूशास्त्रज्ञांना ते ठाऊक आहे. पलीकडे, आजच्या तेलंगणात, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी १९६० च्या सुमारास याच खडकांतून एका चाळीस फुटांहून लांब डायनासोरची हाडे काढली. त्याचे नाव बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे साल, म्हणून टागोर. एवढ्या धुडाला कवीचे नाव देणारे बंगालीच! त्याचा सांगाडा कोलकात्याला उभा आहे.

मग आपल्या मराठवाड्यात असे का दिसत नाही? दिसत नाही, कारण वर झाकण आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा आला, थरावर थर पसरला आणि त्याचाच पुढे आपला काळा दगड आणि काळी माती झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडले. त्यात काळा दगडच ३३८ मीटर लागला. त्याच्या खाली आठेक मीटर जुना गाळ आणि मग ग्रॅनाइट. लाव्हा येण्याच्या आधी त्या गाळावर काय उगवत होते, कोण चरत होते, ते सगळे साडेतीनशे मीटर खाली बंद आहे.

मात्र लाव्हा एका दिवसात आला नाही. एक थर निवायचा, त्यावर तळी साचायची, झाडझाडोरा वाढायचा, पुन्हा वरून लाव्हा. विहीर खोदणाऱ्यांनी काळ्या दगडाच्या मध्येच लाल मातीचा पट्टा पाहिलेला असतो; तो अशाच एका जुन्या जमिनीचा भाजलेला उरलेला थर. अशा मधल्या थरांत कुठे कुठे झाडे दगड होऊन सापडतात. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावची दगडी लाकडे प्रसिद्ध आहेत. मध्य प्रदेशात दिंडोरीकडे घुघुआला तर १९८३ साली त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यानच केले.

मला सर्वांत नवल वाटते ते छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानचे. तिथल्या गारेत १९३० नंतरच्या दहा वर्षांत के. पी. रोडे आणि बिरबल साहनी यांना निपा नावाच्या ताडाची फळे दगड झालेली मिळाली. हे झाड आज सुंदरबनात, खाडीच्या खारट चिखलात उगवते. बंगाली लोक त्याच्या पानांनी घरे शाकारतात. मग छिंदवाड्याला ते आले कसे? साहनींनी अनुमान काढले की त्या काळी समुद्राची एखादी जीभ तिथवर आत आली असावी. आज तिथून कोणत्याही बाजूला समुद्र शेकडो मैलांवर. एका फळावरून केवढा हिशेब!

आणि खुद्द समुद्राकाठी? मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना, १८७८ च्या सुमारास, चिखलाखाली खैराचे रान निघाले. पावणेचारशेच्या वर झाडे, त्यांतली निम्म्याहून जास्त उभीच. ते दगड झालेले नव्हते, लाकूडच होते, कारण ते फार जुने नव्हे. जमीन खचली आणि समुद्र वर आला इतकेच. विड्याला आपण जो कात लावतो, त्याच खैराचे रान बोटी लागतात त्याच्या खाली उभे होते. ते आता पाहायला मिळत नाही. गोदी बांधायची होती, बांधली.

वडधमला परत येतो. निघताना काकूंनी एक वीतभर तुकडा पदराखाली घेतला होता. देवघरात ठेवायचा म्हणून. वाईट हेतू कसला? चौकीदाराने नम्रपणे तो परत ठेवायला लावला. काकू रुसल्या. गाडीत म्हणाल्या, "एवढ्या ढिगातला एक नेला तर काय कमी पडतंय?" मामांनी उत्तर दिले, "गाडीत आपण आठ जण हावो. रोज अशा दोन गाड्या आल्या तर किती दिस पुरंल, मोज." काकू काही बोलल्या नाहीत. त्या हिशेबात पक्क्या आहेत.

पण खरा प्रश्न उद्यानाबाहेरचा आहे. उद्यानाला चौकीदार असतो, शेताला कोण? विहिरीत वा नदीकाठच्या गाळात असले काही निघाले तर ते आधी बांधावर जाते, मग खडीच्या यंत्रात. लातूर जिल्ह्यात हरवाडीसारख्या ठिकाणी मांजरेच्या काठच्या गाळात जुन्या हत्तींची, पाणघोड्यांची दगड झालेली हाडे मिळाली आहेत. तेव्हा आपल्याकडे काहीच नाही असे धरून चालू नये.

कुणाला सांगावे, तर शेतकऱ्याच्या मनात भीती असते. एका गृहस्थांनी मला सरळ विचारले, "दगड दाखवला अन् सरकारनं जमीनच धरली तर?" ही भीती अगदीच पोकळ नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने अशा भूवारशासाठी कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात जमीन घेण्याची तरतूद होती. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. पण शेतकऱ्याने त्यावर बोलायला हवे. जमिनीचा मोबदला आणि सापडवणाऱ्याचे नाव, दोन्ही त्यात स्पष्ट असावे असे माझे मत आहे. नाहीतर लोक गुपचूप फोडतील.

तोवर एवढे करता येते. ओंडका किंवा हाड दिसले तर पहारीने उपटू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी रुपया किंवा खुरपे ठेवा म्हणजे मोठेपणा कळतो. किती हात खोल लागले, वर कोणती माती, खाली कोणता दगड, हे पोराच्या वहीत लिहून ठेवा. आजूबाजूची माती धुऊ नका, तीही पुरावा असते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. फोटो तिथे दाखवा. बहुतेक वेळा तो साधा गारगोटीचा दगड निघेल. निघू द्या.

वडधमला जायचे असेल तर थंडीत जा. उन्हाळ्यात सिरोंच्याचे ऊन सोसवत नाही. पाणी बरोबर ठेवा. आणि गावातला एखादा सुतार सोबत न्या.