माणूस चांगला आहे, पण…



२०२५ ची ही दिवाळी निवडणुकीच्या तोंडावर आली. सोलापूर जिल्हा परिषदेचा कारभार मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिल्यामुळे इच्छुकांच्या गाड्या पुन्हा वाड्यावस्त्यांवर फिरू लागल्या. नातेपुते नगरपंचायत झाली तेव्हापासून आमच्या गावठाणातली मतं जिल्हा परिषदेला नाहीत. पण फोंडशिरस, मोरोची, दहिगाव, धर्मपुरी, कारुंडे, पिरळे इथली माणसं बाजाराला, दवाखान्याला, पोरांच्या शाळा-कॉलेजाला इथेच येतात, आणि येताना तिकिटाची चर्चाही सोबत घेऊन येतात.

ही चर्चा ऐकताना एक गोष्ट मनाला लागते. ‘तिकीट कोणाला मिळणार’ यावर तासन् तास बोललं जातं. ‘कोणाला मिळायला हवं’ यावर कोणी बोलत नाही. अकलूजच्या मोहिते-पाटलांचा निरोप काय, फलटणच्या निंबाळकरांकडे काय हालचाल आहे, मुंबईत कोण कोणाला भेटलं, पक्षाचा एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे. सगळी चर्चा अंदाजाची. मागणी कुठेच नाही.

परवा एस. टी. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर एका तरुण इच्छुकाचं नाव निघालं. शिकलेला, दूधदराच्या आंदोलनात पुढे असलेला, कालव्याची पाळी चुकली तेव्हा शेतकऱ्यांबरोबर पाटबंधारेच्या कचेरीत रात्रीपर्यंत बसून राहिलेला. बाकावरचा जो तो त्याच्याविषयी चांगलंच बोलला. एकाने तर आपल्या शेताचा पंचनामा त्याच्यामुळेच झाला हे सांगितलं. मग कोपऱ्यातले एक आजोबा ग्लास खाली ठेवत म्हणाले, “मानूस लाख चांगलाय, पन येत न्हाई.” सगळ्यांच्या माना हलल्या आणि विषय दुसऱ्या नावाकडे गेला. त्या बाकावरची सगळी मतं त्या पोराची होती, आणि तरी तो त्या बाकावरच पडला. मतदानाला अजून कितीतरी दिवस होते.

पक्षांच्या बैठकांत याच वाक्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ असं भारदस्त नाव आहे. बंद खोलीतल्या कोअर कमिटीने ते वापरावं हे एकवेळ समजू शकतं, कारण त्यांना जागा मोजायच्या असतात. आपण मतदारांनी ते का वापरावं? ‘येत नाही’ म्हणजे ‘मी देणार नाही’ असंच ना? प्रत्येक जण शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज बांधतो, शेजारी याच्या मनाचा बांधतो, आणि दोघांनाही हवा असलेला माणूस घरी बसतो.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची हकिगत इथे सांगावीशी वाटते ती याचसाठी. तिथे नोव्हेंबरच्या मतदानाआधी काही महिने प्रत्येक राज्यात पक्षांतर्गत निवडणूक होते. पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे सामान्य मतदार मत देऊन ठरवतात. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची रीत २०२० पर्यंत आणखी उघडी होती. थंडीच्या रात्री शेजारीपाजारी शाळेच्या हॉलमध्ये जमायचे, आणि ज्याला जो उमेदवार पसंत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. बहुतेक ठिकाणी ज्या कोपऱ्यात पंधरा टक्के माणसंही जमली नाहीत, त्यांना दुसऱ्या कोपऱ्यांतले लोक येऊन समजवायचे, आपल्याकडे ओढायचे. मग पुन्हा डोकी मोजायची.

३ जानेवारी २००८ ला या आयोवात बराक ओबामा जिंकले. नव्वद टक्क्यांहून जास्त गोरी वस्ती असलेलं ते राज्य. तोवर कृष्णवर्णीय मतदारांतलेही पुष्कळ जण ओबामांविषयी तेच म्हणत होते, जे आमच्या बाकावरचे आजोबा म्हणाले: माणूस चांगला, पण गोरे लोक याला मत देणार नाहीत. आयोवाने दिलं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने असलेल्या साउथ कॅरोलायनात ओबामांना निम्म्याहून जास्त मतं पडली. तीन आठवड्यांत ओबामा बदलले नव्हते. लोकांना एकमेकांची मनं कळली होती.

मराठी माणसाचंही एक उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचं ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र आपल्याकडे अनेकांनी वाचलं आहे, २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले. पदरचे जवळपास एक कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये त्यांनी डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेसाठी पक्षाची उमेदवारी मागितली. त्या भागात डेमोक्रॅटिक उमेदवार सहसा हरत नाही, त्यामुळे खरी लढत ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतच होती. नऊ जण उभे होते. ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पहिले आले आणि नोव्हेंबरात सहज निवडून गेले. बेळगावचा मुलगा तिथवर पोहोचला याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. सत्तर टक्क्यांहून जास्त मतदारांना दुसरं कोणीतरी हवं होतं. त्यांची मतं आठ जणांत फुटली. कोण हवा हे सांगणं जितकं गरजेचं, तितकंच एकत्र बसून बोलणंही.

याच मिशिगनात फेब्रुवारी २०२४ च्या राष्ट्राध्यक्षीय प्राथमिक फेरीत एक लाखावर लोकांनी तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांच्याऐवजी ‘कोणाशीही बांधील नाही’ या पर्यायावर खूण केली. गाझातल्या युद्धाबद्दलचा राग त्यांनी पक्षात राहून, पक्षाच्याच मतपत्रिकेवर नोंदवला. आपल्याकडे ‘नोटा’ २०१३ पासून आहे, पण तो शेवटच्या दिवशी येतो. तेव्हा ताटात वाढलेलं नाकारण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

तिकडचं सगळं सोन्याचं आहे असं नाही. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्रे एकही प्राथमिक फेरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, पक्षाच्या अधिवेशनावेळी शिकागोच्या रस्त्यावर रक्त सांडलं, आणि त्यानंतर नियम बदलले. तरी २०२४ च्या जुलैत बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांच्या उमेदवारीसाठी पुन्हा प्राथमिक मतदान झालंच नाही. शिवाय या फेऱ्यांना पैसा अफाट लागतो.

आणि ही रीत आपल्या मातीत नुसती आणून लावली तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने राहुल गांधींच्या आग्रहाने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यांत होते. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस समोरासमोर आले. एक तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, दुसऱ्या काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. मेघे जिंकले. लातुरात दत्तात्रय बनसोडे जिंकले. पुढे मोदी लाटेत दोघेही पडले आणि तो प्रयोग गुंडाळला गेला. पराभवाचा दोष प्रयोगाला देणं आम्हांला मान्य नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले. आमच्या मते प्रयोगाची कमतरता वेगळी होती. मत सामान्य मतदाराला नव्हतं, पदाधिकाऱ्यांना होतं. पेटी आली, पण पेटीपर्यंत पोहोचण्याची हिंमत नव्या घरातल्या माणसाला देणारं वातावरण आलं नाही.

आपल्या माढ्याचंच घ्या. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण आणि माण मिळून पुनर्रचनेनंतर झालेला हा मतदारसंघ. २००९ ला शरद पवार स्वतः इथून उभे राहिले. २०१९ ला त्यांनी आधी लढण्याचं जाहीर केलं, मग माघार घेतली. २०२४ ला भाजपने रणजितसिंह नाईक-निंबाळकर यांना पुन्हा तिकीट दिलं, अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यात नाराजी झाली, आणि धैर्यशील मोहिते-पाटील एप्रिलमध्ये पक्ष सोडून पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. ४ जूनला ते एक लाख वीस हजारांवर मतांनी निवडून आले. कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा या पानावर करायचा नाही. पण त्या मार्च-एप्रिलमध्ये सहा तालुक्यांतला मतदार काय करत होता? मोबाइलवर बातम्या पाहत होता. मतदानाच्या दिवशी त्याने आपलं वजन दाखवून दिलं, आणि चांगलंच दाखवलं. त्याआधीच्या दोन महिन्यांत मात्र त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.

आपल्या माळशिरस तालुक्याला मताची किंमत कळत नाही असं कोण म्हणेल? डिसेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निकालावर शंका घेत, मारकडवाडीच्या लोकांनी कागदी मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचा घाट घातला होता. तो बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, प्रशासनाने तो होऊही दिला नाही. पण मत मोजलं जावं म्हणून उन्हात उभं राहायची तयारी त्या गावाने दाखवली. तीच तयारी उमेदवार ठरण्याआधी दाखवायला हवी.

माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि सोलापूर जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम आपल्या नातेपुत्यात असतो. तळावरची समाज आरती लहानपणापासून पाहिली नाही असा माणूस इथे सापडणार नाही. दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग ती दिंडी कितीही लहान असो, चोपदारांना तिच्यापाशी जावं लागतं आणि तक्रार ऐकून घ्यावी लागते. आरती त्यानंतर. इतक्या मोठ्या सोहळ्यात चार-दोन माणसांच्या गाऱ्हाण्यासाठी सगळ्यांनी थांबायची ही रीत आपल्या अंगणात दर वर्षी पाळली जाते. तिकीटवाटपाच्या वेळी मात्र सगळ्यात आधी आपणच टाळ खाली ठेवतो.

कायद्याची वाट पाहू नये असं आम्हांला वाटतं. पक्षांच्या आत लोकशाही सक्तीची करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ सालीच केली होती. ती अजून कागदावर आहे. गावाला मात्र मांडव घालायला नव्या कायद्याची गरज नाही.

म्हणून या दिवाळी अंकाबरोबर एक काम हाती घेत आहोत. दिवाळी झाली की, तिकिटं जाहीर होण्याआधी, परिसरातल्या सर्व पक्षांच्या इच्छुकांना आणि अपक्षांनाही एका मांडवात बोलवायचं. सगळ्यांना सारखा वेळ, सगळ्यांना तेच प्रश्न. नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या चारीला पाणी पोहोचत नाही, त्यावर काय करणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत पट कमी झाला म्हणून शिक्षक कमी होतात, तिथे तुमची भूमिका काय? आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असेल याची हमी कोण घेणार? फलटण-पंढरपूर रेल्वे जिल्हा परिषदेच्या हातात नाही हे आम्हांला माहीत आहे, म्हणून ती आणून देतो म्हणणाऱ्याला आम्ही तिथेच थांबवू. प्रश्नोत्तरं झाली की आलेल्या लोकांनी चिठ्ठीवर आपल्या पसंतीचं एक नाव लिहायचं. निवडून कोण येईल ते लिहायचं नाही. आपल्याला कोण हवा ते लिहायचं. चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजू आणि आकडे प्रत्येक पक्षाच्या तालुकाध्यक्षाला लेखी पाठवू. पक्ष ते मानतील असा आमचा दावा नाही. पण ‘लोकांची मागणी होती’ हे वाक्य पुढे कोणी वापरलं, तर ती मागणी खरोखर काय होती याचा कागद गावाकडे असेल.

 मांडवात विचारायचे प्रश्न भाऊबीजेपर्यंत आमच्याकडे पाठवावेत. बायकांचे प्रश्न आधी घेतले जातील, कारण निम्म्या जागा त्यांच्या आहेत आणि तिकिटाच्या गप्पांत त्यांचा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो.



– संपादक