दुसऱ्या परीक्षेचे वाढलेले गुण नेमके कुठे कामी येतात?

भोपाळ मंडळाचा निकाल लागला की सौंसर-पांढुर्ण्यातल्या घराघरांत एकच चर्चा असते: मार्क थोडे कमी पडले, आता पुन्हा बसवायचे का? २०२५पासून हा प्रश्न अधिक जवळ आला. माध्यमिक शिक्षा मंडळाने जुनी पूरक परीक्षा बंद करून त्या जूनपासून दहावी-बारावीची द्वितीय परीक्षा सुरू केली. नापासच नव्हे, पास झालेली मुलेही गुण वाढवायला तिला बसू शकतात. वर्ष वाया जात नाही, ही सोय खरोखर चांगली आहे. पण फॉर्म भरण्याआधी एक विचारा: हे वाढलेले गुण दाखवायचे कुठे?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांची यादी ई-प्रवेशवर बारावीच्या टक्केवारीने लागते. तिथे एकेका गुणाला किंमत आहे. अडचण वेळेची. २०२५मध्ये परीक्षा जूनच्या मध्यावर होती, तोवर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या होत्या आणि मागणीच्या जागा आधी भरतात. म्हणून पहिल्या मार्कशीटवर मिळतो तो प्रवेश सोडू नका.

डॉक्टरकीचे गणित वेगळे. नीटला बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीवांना ४० टक्के लागतात. त्यापुढे सगळी गुणवत्ता नीटची. ६२चे ८० केले तरी क्रमांक तिळभर हलत नाही. एनआयटी-आयआयटीला मात्र ७५ टक्क्यांची रेघ आहे (अनुसूचित जाती-जमातींना ६५), किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवे. ७४वर अडकलेल्यासाठी दुसरी परीक्षा सोन्यासारखी. ७८वाल्याने तिच्यावर महिना घालवू नये. इथेही तारखा पाहाव्यात, कारण जोसाची नोंदणी जूनमध्येच सुरू होते.

परदेशातले नातेवाईक कधी सांगतात की नववीपासून मार्क चढते ठेवा, कॉलेज ते बघते. अमेरिकेत बघतात, खरे आहे. आपल्याकडे नववी-अकरावीची गुणपत्रिका प्रवेशाला सहसा कोणी मागत नाही.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. १९५६पर्यंत नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होती. आजही बाजार, दवाखाना, सोयरीक सगळे तिकडेच, आणि दहावी झाली की पुष्कळ मुले अकरावीला नागपूरला जातात. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी झालेल्यांच्या. म्हणजे सौंसरला बारावी केलेल्याला भोपाळच्या मॅनिटमध्ये गृहराज्याचा लाभ, नागपूरला केलेल्याला तिथल्या व्हीएनआयटीत. घर कुठे आहे, हे विचारलेच जात नाही. पण महाराष्ट्राच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात, वर तिथला अधिवासाचा दाखला. दहावी इथे करून गेलेले मूल त्यात बसत नाही, घरात कितीही शुद्ध मराठी बोलत असले तरी. कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात वेगळी सवलत ठेवली आहे. आपली गावे त्या वादातली नाहीत, त्यामुळे त्या यादीतही नाहीत.

या बाबतीत कुठलीही सुधार परीक्षा मदतीला येत नाही. दहावीनंतरचा बसपास कुठला काढला, त्यावर पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त ठरते. नागपूरला पाठवूच नये असे माझे म्हणणे नाही. इंजिनीअरिंगच्या मुलाला ते फायद्याचेही ठरू शकते. पण शिकवणीची फी भरण्याआधी मूल कोणत्या राज्याच्या कोट्यात राहणार आणि कोणत्यातून जाणार, हे दोन्ही राज्यांची त्या वर्षाची नियमपुस्तिका समोर ठेवून पाहा. ज्यांची मुले यंदा दहावीला आहेत त्यांच्याकडे त्यासाठी अजून काही महिने आहेत.